संगणकावरील रणांगण : गुण, दोष व मर्यादा



गेल्या दिवाळीच्या सुटींत पुण्यास शिकणारा माझा भाचा कांहीं दिवस कोल्हारास आमचे घरीं राहावयास आला होता. त्याच्या सामानांत कपडे थोडे व संगणकाचें ओझें मोठें, असा प्रकार होता. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं कानांस हेडफोन लावून तो पडद्यासमोर बसे, आणि मग घरांत कोण आलें, कोण गेलें, याची त्यास शुद्ध नसे. एके रात्रीं त्यानें मोठा सुस्कारा टाकून हातांतील माऊस मेजावर आपटलेला मीं ऐकला. चौकशी करतां कळलें तें असें : त्याचा शिपाई वीस मिनिटें एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे चालत गेला, वाटेंत शत्रूचा मागमूस दिसला नाहीं, आणि शेवटीं, गोळी कोणत्या दिशेनें आली हें उमगण्यापूर्वींच, तो गतप्राण होऊन पडला. आतां पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयाचा! "मामा, हा खेळ फार चांगला आहे, पण फार छळतो," असें तो त्राग्यानें म्हणाला.

हें एक वाक्य मला विचार करावयास लावणारें वाटलें. जो खेळ छळतो तो चांगला कसा, आणि चांगला असून तो छळतो कां, या दोन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्याचा आजच्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, युद्धाचा खेळ ही कांहीं नवी वस्तु नव्हे. आपल्याच देशांत प्राचीन काळीं चतुरंग नांवाचा खेळ निर्माण झाला. हत्ती, घोडा, रथ व पायदळ हीं सैन्याचीं चार अंगें पटावर मांडून तो खेळत, आणि त्याच्याच वंशांत आजचें बुद्धिबळ जन्मास आलें. बुद्धिबळासारखा बुद्धीस धार लावणारा खेळ दुसरा विरळा. परंतु युद्धाचें चित्र या दृष्टीनें त्यांत तीन मोठ्या उणीवा आहेत. दोन्ही खेळाडूंस सारा पट स्पष्ट दिसतो. प्यादें कधीं थकत नाहीं, कधीं भीत नाहीं, व हुकूम चुकीचा ऐकत नाहीं. आणि जें घर चालून जावयाचें त्या घरांत चिखल आहे कीं खडक आहे, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. खऱ्या रणांगणावर याच तीन गोष्टींनीं मोठमोठ्या सेनापतींचे बेत मातींत घातले आहेत.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न प्रशियांत झाला. राइसविट्झ नांवाच्या गृहस्थानें १८१२ सालीं तेथील राजापुढें युद्धखेळाचें एक मेज सादर केलें. त्याचा पुत्र तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें त्या खेळांत सुधारणा करून १८२४ सालीं तो प्रसिद्ध केला. पटाचे जागीं त्यानें खऱ्या प्रदेशाचा बारीक नकाशा घेतला व दैवाचा भाग दाखविण्यासाठीं फांसे ठेवले. परंतु त्याची सर्वांत मोठी युक्ति ही कीं, त्यानें दोन पक्षांच्या मध्यें एक पंच बसविला. खेळाडूनें आपले हुकूम पंचाकडे द्यावयाचे, आणि त्याच्या सैन्यास त्या ठिकाणाहून जेवढें दिसणें शक्य असेल तेवढेंच पंचानें त्यास सांगावयाचें. तेथील सेनेच्या मुख्य अधिकाऱ्यानें हा प्रयोग पाहून साऱ्या सैन्यांत त्याचा प्रसार करविला. खेळाडूस जें अज्ञान या खेळानें दिलें, तेंच त्यांतील खरें ज्ञान होतें! हें सूत्र ध्यानांत ठेवा. पुढें तें आपणांस उपयोगी पडणार आहे.

आतां संगणकाकडे वळूं. बंदुकीचे खेळ संगणकावर शेकडों आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा युद्धाशीं संबंध पत्त्यांतील राजाचा राज्यकारभाराशीं असावा तितपतच असतो. वीरास दहा गोळ्या लागतात, तो क्षणभर भिंतीआड बसतो, आणि पुन्हां ताजातवाना होऊन धांवतो. परंतु कांहीं थोडे खेळ प्रत्यक्ष युद्धाचें शक्य तितकें हुबेहूब अनुकरण करण्याच्या प्रतिज्ञेनें रचलेले आहेत. त्यांपैकीं सर्वांत नांवाजलेला म्हणजे 'आर्मा ३' होय. लॅटिन भाषेंत 'आर्मा' म्हणजे शस्त्रें. मध्य युरोपांतील चेक प्रजासत्ताकाच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीनें २००१ सालीं 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' नांवाचा खेळ काढला. त्याच परंपरेंत पुढें हा खेळ तयार होऊन १२ सप्टेंबर २०१३ रोजीं विक्रीस आला. त्याच मुळापासून निघालेली 'व्हर्च्युअल बॅटलस्पेस' नांवाची दुसरी शाखा अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांच्या सैन्यांनीं शिक्षणासाठीं वापरली. यावरून हें काम केवळ करमणुकीचें नव्हे, हें दिसून येईल.

या खेळाचे गुण क्रमानें पाहूं.

पहिला गुण भूमीचा. ग्रीस देशाच्या लेम्नोस बेटावरून कल्पिलेलें सुमारें २७० चौरस किलोमीटरांचें एक संपूर्ण बेट त्यांत उभें केलें आहे. गांवें, ओढे, बाभळीसारखीं खुरटीं झुडपें, मिठागरें, विमानतळ, सर्व कांहीं आहे. त्यावर सूर्य उगवतो व मावळतो, धुकें पडतें, पाऊस येतो. या लेम्नोस बेटावर २०१२ सालीं कंपनीचे दोन नोकर सुटीनिमित्त गेले असतां, लष्करी ठिकाणांचीं छायाचित्रें काढल्याच्या संशयावरून हेरगिरीच्या आरोपाखालीं पकडले गेले, व १२९ दिवस तुरुंगांत राहून जानेवारी २०१३ मध्यें जामिनावर सुटले. खेळांतील बेट लटकें असेल, पण तुरुंग खरा होता!

दुसरा गुण पदार्थविज्ञानाचा. वर्गांत आपण शिकतों कीं, ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. रायफलीची गोळी नळींतून निघतांना त्याच्या दुपटीहून अधिक वेगानें निघते. तेव्हां ६८० मीटरांवरून कोणीं गोळी झाडली तर आवाज पोंचण्यास दोन सेकंद लागतील, आणि गोळी त्याच्या आधींच येऊन आदळेल. या खेळांत असेंच घडतें : प्रथम शेजारची माती उडते, आणि मग दूरवर 'ठो' ऐकूं येतो. तसेंच, कोणतीही वस्तु एका सेकंदांत सुमारें पांच मीटर खालीं पडते. गोळीही त्यास अपवाद नाहीं. म्हणून दूरच्या लक्ष्यावर सरळ नेम धरणारा हमखास चुकतो, आणि अंतराचा अंदाज घेऊन दुर्बीण जुळविणाराचा नेम लागतो. पातळ भिंतींतून गोळी आरपार जाते, जाड भिंतींत अडकते. ज्या विद्यार्थ्यास गतीचे नियम रुक्ष वाटतात त्यानें हें एकवार पाहावें.

तिसरा गुण श्रमाचा. पाठीवर ओझें अधिक घेतलें तर शिपाई लवकर दमतो, आणि दमलेल्याचा हात कांपून नेम हलतो. तेव्हां काय घ्यावें यापेक्षां काय टाकावें याचाच विचार अधिक करावा लागतो.

चौथा, आणि माझे मतें सर्वांत मोठा गुण म्हणजे सहकार्याचा. हा खेळ एकट्या शूराचा नव्हे. अनेक खेळाडू आपापल्या घरीं बसून एका तुकडींत सामील होतात. कोणी नकाशा वाचतो, कोणी जखमींची शुश्रूषा करतो, कोणी गाडी हांकतो, आणि नायकाचा हुकूम ऐकावा लागतो. २०१४ सालीं यांत आणखी एक सोय झाली : एका खेळाडूनें आकाशांतून सर्व प्रदेश पाहावा, शत्रूच्या तुकड्या मांडाव्या व प्रसंग घडवून आणावे. या भूमिकेस ग्रीकांच्या देवराजावरून 'झ्यूस' असें नांव दिलें आहे. वाचकांनीं ओळखलेंच असेल कीं, हा दुसरा कोणी नसून राइसविट्झचा तोच जुना पंच होय. शिवाय खेळाडूस स्वतः नवे प्रसंग रचण्याचें साधनही खेळांतच दिलेलें आहे, व हजारों तरुण त्यावर प्रसंगरचना व संगणकाची आज्ञावली लिहिण्याची कला शिकले आहेत.

आणि येथें एका पुरवणीचा निर्देश केल्यावांचून राहवत नाहीं. २०१७ सालीं युद्धाचे कायदे या विषयावर या खेळाची एक पुरवणी निघाली. तींत नायक सैनिक नसून, लढाई संपल्यावर एका उध्वस्त गांवांत पुरलेले सुरुंग काढणारा सेवक आहे. एकेक सुरुंग काढतांना त्यास तो कोणीं, केव्हां व कां पुरला याची आठवण होते, आणि हळूहळू कळतें कीं गांवाच्या नाशांत एकाच पक्षाचा हात नव्हता. या पुरवणीच्या उत्पन्नाचा कांहीं भाग आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीस देण्यांत आला. बंदुकीच्या खेळांत बंदूक खालीं ठेवावयास लावणारा हा प्रसंग विशेष म्हटला पाहिजे.

आतां दोषांकडे येऊं. जगभरचे खेळाडू या जातीच्या खेळांविषयीं ज्या तक्रारी करीत आले आहेत, त्या एकत्र केल्या तर त्यांचे दोन ढीग पडतात, आणि हे दोन ढीग वेगळे करणें हीच या पाठाची गुरुकिल्ली आहे.

पहिल्या ढिगांत यंत्राचे दोष येतात. संगणकानें चालविलेले सोबती कधीं कधीं अक्कल गहाण टाकल्याप्रमाणें वागतात : मोकळ्या मैदानांत उभे राहतात, दारांत अडकतात, आणि गाड्यांचा तांडा पुलावरून नेण्यास सांगितलें कीं एकमेकांस धडका देतात. उलट शत्रूपक्षाकडील संगणकी शिपायांस अशक्य अंतरावरूनही अचूक दिसतें. एवढासा दगड लागला कीं मोठी गाडी पतंगासारखी उडते. कळा इतक्या आहेत कीं बसणें, वांकणें, निजणें, डोकावणें यांच्या निरनिराळ्या खुणा पाठ करतांना नवशिक्याची तारांबळ उडते. लढाई मोठी झाली म्हणजे संगणकाची शक्ति कमी पडून चित्र अडखळूं लागतें, आणि भारी संगणक घेणें सामान्य घरास परवडत नाहीं. हे दोष खरेच दोष होत. यांत शिकण्यासारखें कांहीं नाहीं, सुधारण्यासारखें आहे.

दुसऱ्या ढिगांतील तक्रारी मात्र निराळ्या आहेत. फार चालावें लागतें. फार वाट पाहावी लागते. शत्रु दिसत नाहीं. नकाशांत आपण कोठें आहों हें कळत नाहीं. चार जणांचा एकाच वेळीं आवाज येऊन हुकूम नीट ऐकूं येत नाहीं. आपल्याच माणसाची गोळी आपणांस लागते. आणि इतक्या खटाटोपानंतर एका न दिसलेल्या गोळीनें सर्व संपतें. माझ्या भाच्याची तक्रार याच ढिगांतील होती. परंतु विचार करा, हा खेळाचा दोष आहे काय? हा तर युद्धाचा स्वभाव होय! खेळानें तो लपविला नाहीं, एवढाच त्याचा अपराध. म्हणून चिडल्यावर स्वतःस एकच प्रश्न विचारावा : 'खऱ्या शिपायासही हें सोसावें लागलें असतें काय?' उत्तर 'नाहीं' असेल तर दोष यंत्राचा. 'होय' असेल तर तो दोष नसून धडा आहे. 'चांगला आहे पण छळतो' या वाक्याचा अर्थ अशा रीतीनें उलगडतो. बहुतेक ठिकाणीं तो चांगला आहे म्हणूनच छळतो.

येथपर्यंत मीं भाच्यास समजाविलें, व त्यासही तें पटलें. तो म्हणाला, "म्हणजे मामा, हें जो उत्तम खेळेल तो सैन्याच्या तयारीचा झाला म्हणावयाचा." त्या वेळीं आमच्या शेजारचे एक वृद्ध निवृत्त सैनिक ओट्यावर बसले होते. सारा गांव त्यांस आबा म्हणतो. ते १९७१ च्या लढाईंत रणगाड्यावर होते. ते उठून आंत आले आणि बराच वेळ मुकाट्यानें खेळ पाहत राहिले. टेकडीवर भाच्याचा एक संगणकी सोबती पडला. आबांनीं विचारलें, "बाळा, हा जो पडला त्याचें नांव काय रे?"

भाचा गोंधळला. खेळांत प्रत्येक शिपायास नांव असतें. पण तें त्यानें वाचलेंच नव्हतें. "लक्ष नव्हतें, आबा," तो म्हणाला.

आबा म्हणाले, "माझ्या गाडींतले आम्ही चौघे. तिघांचीं नांवें मला झोंपेंतून उठवून विचार." आणि त्यांनीं तीं सांगितलीं, त्यांच्या गांवांसकट. मग काठी घेऊन ते घरीं गेले. त्या रात्रीं भाच्यानें पुढें खेळ लावला नाहीं.

दुसरे दिवशीं मीं त्यास नगरास घेऊन गेलों. प्रवरेवरील आपल्या पुलापासून दक्षिणेस राहुरीवरून जाणारा हाच रस्ता आपणांस त्या शहरीं पोंचवितो, जें पूर्वीं अहमदनगर होतें व २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें. तेथें भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचें केंद्र व विद्यालय आहे, आणि १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांतील रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून १९६५ च्या लढाईंत हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत अनेक यंत्रें तेथें उभीं आहेत. पडद्यावर बोटभर दिसणारा रणगाडा प्रत्यक्षांत केवढा असतो, त्याच्या पोटांत चार माणसें किती दाटीवाटीनें बसत असतील, हें तेथें गेल्यावांचून कळत नाहीं.

या नगराशीं एका तरुणाचें नांव जोडलेलें आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १९५० सालीं पुण्यास झाला. जून १९७१ मध्यें ते पूना हॉर्स या पलटणींत अधिकारी झाले, व नव्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणक्रमासाठीं नगरच्या याच विद्यालयांत आले. शिक्षणक्रम पुरा होण्यापूर्वींच युद्धाचें बोलावणें आलें. १६ डिसेंबर १९७१ रोजीं शकरगढ आघाडीवर, बसंतर नदीच्या लढाईंत, सुरुंग पेरलेलें क्षेत्र ओलांडून त्यांनीं शत्रूचे रणगाडे अडविले. आपला रणगाडा पेटला असतांही, तोफ चालू आहे तोंवर मागें फिरण्याचें त्यांनीं नाकारलें. ते तेथेंच धारातीर्थीं पडले. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र देण्यांत आलें. त्यांचा 'फामागुस्ता' नांवाचा सेंचुरियन रणगाडा डागडुजी करून नगरच्या याच केंद्रांत जतन करण्यांत आला. त्या वेळीं त्यांचें वय एकवीस वर्षांचें होतें. आपल्या शाळेंतून गेल्या चार-पांच वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांचें वय आज तेवढेंच आहे.

मित्रहो, शिक्षणासाठीं अनुकरण हवेंच. वैमानिकही जमिनीवरील खोट्या विमानांत शिकून मगच उडतो. परंतु अनुकरणाची सीमा ओळखली पाहिजे. खेळांत जखम पट्टी बांधतांच क्षणांत बरी होते. खरी जखम महिनेच्या महिने घेते, व कित्येक कधींच भरत नाहींत. खेळांत मेल्यावर 'पुन्हां आरंभ' अशी कळ असते. ती कळ जगांत दुसरे ठिकाणीं कोठेंही नाहीं. खेळ नकाशा शिकवील, शिस्त शिकवील, सबुरी शिकवील. पण गेलेल्या माणसाच्या नांवाचें मोल तो शिकवूं शकत नाहीं.

या सीमेचा विसर पडल्यास काय होतें, याचें एक ताजें उदाहरण आहे. अशा खेळांतील दृश्यें इतकीं हुबेहूब असतात कीं, तीं खऱ्या युद्धाचीं म्हणून पसरविलीं जातात. २०२२ सालीं 'आर्मा ३' च्या निर्मात्यांनीं स्वतःच याविषयीं जाहीर सावधगिरीचें निवेदन काढलें. मे २०२५ मध्यें भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत खेळांतील चित्रफिती खऱ्या म्हणून घरोघरच्या फोनांवर पोंचल्या, व सरकारच्या पत्र सूचना कार्यालयास त्या खोट्या असल्याचें सांगावें लागलें. ज्यांचीं मुलें सीमेवर होतीं त्या आईबापांनीं त्या रात्रीं तीं दृश्यें पाहून काय भोगलें असेल! म्हणून खेळ जाणणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक कर्तव्य येऊन पडतें : खेळांतील चित्र तुम्हीं चटकन ओळखाल, तेव्हां घरच्या वडील माणसांस तें सांगा, आणि खात्री केल्यावांचून कोणतीही चित्रफीत पुढें पाठवूं नका.

पालकांस दोन शब्द. हा खेळ लहान मुलांसाठीं नव्हे, हें प्रथम जाणावें. मोठा मुलगा खेळत असेल तर केवळ रागावून संगणक बंद करण्यापेक्षां अर्धा तास शेजारीं बसावें, आणि आबांसारखा एखादा प्रश्न विचारावा. वेळ मात्र ठरवून द्यावा; कारण जो खेळ एका फेरीसच दोन तास घेतो, तो अभ्यास व झोंप दोन्ही खाऊन टाकील.

आणि ज्यांच्या घरीं असा संगणक नाहीं त्यांनीं हळहळण्याचें कारण नाहीं. राइसविट्झच्या खेळास वीज लागत नव्हती. कोल्हार व प्रवरेच्या दोन्ही तीरांचा मोठा नकाशा कागदावर काढा. दोन पक्ष करा, मध्यें एक गुरुजी अथवा शहाणा मित्र पंच म्हणून बसवा. लढाईच खेळली पाहिजे असें नाहीं. 'भंडारदऱ्याचें पाणी सुटलें आहे, नदी चढत आहे, एक ट्रॅक्टर व दोन नावा आहेत. प्रथम कोणास हलवाल?' हा प्रसंग घ्या. एका पक्षास एका तीराची व दुसऱ्यास दुसऱ्या तीराचीच बातमी द्या, आणि निरोप लिहूनच पाठवावयास लावा. पहिल्या पंधरा मिनिटांतच निरोप चुकतील, नाव भलत्या तीरास जाईल, आणि तुम्हीं चिडाल. तेव्हां पंचावर रागावूं नका. तोच खरा धडा आहे, असें समजून डाव पुन्हां मांडा. कारण डाव पुन्हां मांडतां येतो तोंवरच चुका करून शिकण्याची मुभा असते.